फरशी झाकण्याआधी: नौपाड्यातल्या एका बाथरूमच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी

जुनी फरशी आज निघाली. बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, चार मजली, लिफ्ट नाही. आई-बाबांचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम चार फूट बाय सात. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला गेली काही वर्षं ओल आहे. दर पावसाळ्यानंतर तक्रार व्हायची, मग कोणीतरी येऊन आमच्या फरशीच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून जायचं. दोन महिने बरं, पुन्हा तेच.

कोबा, म्हणजे फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा आणि मालाचा थर, फोडल्यावर कारण दिसलं. वरचा थर कोरडा, पण खाली स्लॅबलगतचा विटेचा तुकडा हातात घेऊन दाबला तर पाणी सुटलं. नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालचं, पाणी गटाराकडे नेणारं भांडं) गळ्याभोवती माल नीट भरलेलाच नव्हता, बोट आत जाईल एवढी पोकळी. फरशीवरून वाहून जाणारं पाणी जाळीत पडायच्या आधी त्या पोकळीतून थेट कोब्यात मुरत होतं. वरून सांधे भरून हे कसं थांबणार?

जमिनीतून गेलेला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप हातोडीच्या टोल्याने पापुद्रे सोडतोय. तोही जाणार. राबीटच्या गोण्या जिन्यातून उतरवायच्या, दुपारी एक ते तीन ठोकाठोक बंद, हा सोसायटीचा नियम. तळमजल्याच्या आजोबांची झोप त्या वेळेत असते आणि नियम त्यांनीच करून घेतलाय.

९ जानेवारी

कंत्राटदाराबरोबर बसून पैसे टप्प्यांना बांधून घेतले. पाइपलाइनची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजवायच्या नाहीत. वॉटरप्रूफिंगचे कोट झाल्यावर पाणी भरून ठेवायचं, ते उतरल्याशिवाय कोबा नाही. कोबा झाल्यावर पुन्हा पाणी, मग टाइल्स. शेवटची काही रक्कम सगळं वापरात आल्यावर.

“ताई, इतकी वर्षं काम करतोय, असं कोणी लिहून मागितलं नाही,” म्हणाला. सही मात्र केली. त्याच्या कामावर अविश्वास आहे म्हणून हे नाही. एकेक चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. पाइप घट्ट आहे म्हणून जमीन पाणी धरेल असं होत नाही, आणि जमिनीने पाणी धरलं म्हणून भिंतीतला सांधा पक्का असंही नाही. लोक सगळं झाल्यावर एकदाच नळ सोडून बघतात. तेव्हा ओल आलीच तर कुठल्या थरात बिघडलं हे कळायला पुन्हा सगळं फोडावं लागतं.

१३ जानेवारी

स्लॅबमध्ये तळहाताएवढ्या जागी सळई उघडी पडली होती. गंज तारेच्या ब्रशने घासला, गंजरोधक लावलं, पॉलिमर मॉर्टरने जागा भरली. सळई फारशी बारीक झालेली नाही, एवढं समाधान.

१४ जानेवारी

संक्रांत, काम बंद. काकूंकडे तीळगूळ घेऊन गेले. “गोड बोलते गं, पण आधी गळती थांबव,” म्हणाल्या. स्टुलावर चढून त्यांच्या छतावरच्या डागाची कड पेन्सिलने आखली आणि शेजारी तारीख लिहिली. एक डाग आमच्या ट्रॅपच्या बरोबर खाली, मोठा. दुसरा लहान, स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीलगत. दोन्ही आखले.

१७ जानेवारी

पाइपलाइन. सगळं सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारं प्लॅस्टिक, गरम आणि गार दोन्ही. प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. मुंबई-ठाण्यात त्या भागातले प्लंबर खूप, तिथल्या पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. याचा हात स्वच्छ आहे. कापल्यावर पाइपच्या कडेची बुरी काढतो, सोल्युशन लावल्यावर पाइप फिटिंगमध्ये पाव वळसा देऊन बसवतो आणि तसाच धरून ठेवतो. घाईतला माणूस ते धरून ठेवणंच गाळतो, मग पाइप किंचित मागे सरकतो आणि सांधा अर्धाच चिकटतो.

डबे मी उचलून वाचले. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन हवं, साध्या पीव्हीसीचं चालत नाही. पाइपवर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि एसडीआर ११, म्हणजे बाहेरचा व्यास पाइपच्या जाडीच्या अकरापट, असं छापलंय. या पाइपची ताकद गार पाण्यात सुमारे २८ किलोपर्यंत (किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) असते, पण ८२ अंशाला ती ७ किलोवर येते. आमच्या घरात वरच्या टाकीचं प्रेशर जेमतेम एक किलो, त्यामुळे दोन्हीकडे भरपूर जागा आहे.

एका गोष्टीवर वाद झाला. गीझरकडून शॉवरकडे जाणारी सरळ लाइन तीन मीटरची. पाणी २५ वरून ६५ अंशाला गेलं की तेवढा पाइप सुमारे ८ मिलिमीटर लांबतो. मिस्त्री त्याला टोकापासून टोकापर्यंत मालात गच्च बसवणार होता. मग लांबायचं कुठे? ताण जाऊन बसणार एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर. शेवटी पाइपला फोमची नळी चढवली आणि दोन्ही एल्बोभोवती माल न भरता मऊ भरण ठेवायचं ठरलं. मिस्त्रीचं म्हणणं, “एवढं कोणी करत नाही.” खरंय, करत नाहीत.

पितळी थ्रेडच्या जागी टेफ्लॉन मोजून मारायला सांगितलं. जाड गुंडाळून पान्याने आवळलं की बाहेरचं प्लॅस्टिक चिरतं, आणि ती चीर त्या दिवशी दिसत नाही.

१८ जानेवारी

प्रेशर टेस्ट. प्लंबरच्या हँड पंपावरचा गेज ० ते ४० किलोचा, एकेक रेघ एक किलोची. ७ किलोची टेस्ट त्यावर वाचणं म्हणजे भाजीच्या काट्यावर सोनं तोलणं. मी रबाळ्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करते, त्यामुळे ० ते १० किलोचा, कॅलिब्रेशन झालेला गेज सोबत आणला होता. वाचन स्केलच्या मधल्या भागात किंवा थोडं वर पडेल असा गेज घ्यावा.

आधी हवा काढली. सगळ्यात उंचावरचा शॉवरचा पॉइंट उघडा ठेवून खालून पाणी भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत. प्लंबरला हे अति वाटत होतं. पण लाइनीत हवा राहिली की गळती लपते. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखं काम करते, थोडं पाणी गेलं तरी प्रेशर टिकवून धरते. हवा नसेल तर आमच्यासारख्या पाचेक लिटरच्या लाइनीत चमचाभरसुद्धा पाणी जायची गरज नाही, काटा लगेच बोलतो.

७ किलोवर नेऊन पंपाचा कॉक बंद केला. काटा अर्ध्या तासात साडेपाचवर आला. टिशू पेपर घेऊन एकेक सांधा पुसला. सगळे कोरडे. पुन्हा ७, पुन्हा तेच. प्लंबर म्हणाला, “मॅडम, पाइप फुगतो, सेट हो जाएगा.” नवा प्लॅस्टिक पाइप सुरुवातीला थोडा ताणतो आणि काटा किंचित उतरतो हे खरंच. म्हणून पुन्हा चढवून बघायचं असतं. पण ताणण्याचा वेग दर फेरीला कमी व्हायला हवा. इथे दर वेळी तोच वेग.

झिऱ्या उघड्याच ठेवल्या. कंत्राटदार नाराज.

१९ जानेवारी

सापडलं. टेस्ट चालू होती ती जुन्या लाइनीवरच्या बॉल व्हॉल्वच्या भरवशावर. व्हॉल्व नवा आहे, बंदही आहे, पण पास होतोय. फोडकामातली कच आत गेली असावी. पाणी आमच्या सांध्यांतून कुठेच जात नव्हतं, व्हॉल्वमधून मागे जुन्या लाइनीत सरकत होतं. व्हॉल्वच्या अलीकडे लाइन तोडून एंड कॅप लावली. वाळायला डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ दिला. मग ७ किलो. काटा जागेवर.

कारखान्यात बंद व्हॉल्वला कोणी वेगळं केलेलं समजत नाही, मध्ये आंधळी चकती टाकतात. घरकामात ही सवय दिसत नाही. व्हॉल्व आता बदलून घेतला.

२० जानेवारी

रात्रभर तसंच ठेवलं. संध्याकाळी ७.०, सकाळी सहाला ६.७. बाबांनी फोन करून काळजीच्या सुरात सांगितलं. दुपारी काटा ६.९. पहाटेच्या गारठ्यात पाणी पाइपपेक्षा किंचित जास्त आकसतं, त्यामुळे दाब उतरतो, ऊन चढलं की परत येतो. गळालेलं प्रेशर परत येत नाही. बाबांना हे पटलं, त्यांनी वहीत वेळ-काटा-हवामान असे तीन रकाने आखले.

झिऱ्या बुजवायला परवानगी दिली, पण त्याआधी भिंतींचे फोटो, प्रत्येक फोटोत टेप धरून. पाइप कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती हे फोटोतच वाचता आलं पाहिजे. नुसता पाइपचा फोटो पाच वर्षांनी उपयोगाचा नसतो.

गेज काढला नाही. टाइल्स लागेपर्यंत लाइन दाबाखाली राहणार. ही कल्पना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची, तो युरोपातल्या घरांच्या कामावर होता. तिकडे थंडीसाठी फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्यांची वेटोळी टाकतात. ईएन १२६४ या मानकात आहे की वर काँक्रीटचा थर ओतायच्या आधी नळ्यांची टेस्ट करायची आणि ओततानाही त्या दाबाखाली ठेवायच्या. कोणाचं फावडं लागलं तर तेव्हाच कळतं. मग तो थर वाळायला पुरेसे दिवस द्यायचे आणि नंतरच हळूहळू गरम पाणी सोडायचं, एकदम नाही. नेहमीच्या वावराच्या जागी फरशी २९ अंशांपेक्षा गरम होऊ द्यायची नाही, बाथरूममध्ये थोडी सूट. ठाण्यात असली ऊब कोणाला हवी! पण झाकायच्या कामाची शिस्त तीच.

२३ जानेवारी

वॉटरप्रूफिंग. आधी जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा मारला, म्हणजे काटकोन जाऊन गोलाई आली. काटकोनात कोट पातळ बसतो आणि तिथेच चिरतो. नवा ट्रॅप बसवून त्याचा गळा न आकसणाऱ्या ग्राउटने भरला. पाइप जमिनीतून वर येतात तिथे आणि चारी कोपऱ्यांत फायबरची जाळी. मग दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, पहिला हात आडवा, दुसरा उभा. भिंतीवर एक फूट, शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत.

मिस्त्री मिश्रणात पाणी घालायला निघाला होता. दोन भाग मोजून येतात, तिसरा त्यात नाही.

२७ जानेवारी

कोट वाळले. ट्रॅपच्या तोंडात प्लंबरने चिंध्या कोंबून वर प्लास्टर ऑफ पॅरिस थापलं. उंबऱ्याला विटांचा बांध. चार इंच पाणी भरलं. भिंतीवर स्टीलची पट्टी चिकटवली आणि शेजारी त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवली, तिच्यातही पट्टी. बादली कशाला, असं आईने विचारलं. पाणी हवेतही उडतं, ते किती उडालं ते बादली सांगते. जमिनीवरचं पाणी बादलीएवढंच उतरलं तर जमीन निर्दोष.

२८ जानेवारी

बादली २ मिलिमीटर खाली. जमिनीवरचं पाणी ९.

म्हणजे ७ मिलिमीटर कुठेतरी गेलं. अडीच चौरस मीटर जागेत एक मिलिमीटर म्हणजे अडीच लिटर, म्हणजे साडेसतरा लिटर गायब. खाली पळत गेले. काकूंच्या छतावर पेन्सिलच्या रेघेबाहेर काहीच नाही, हात लावून पाहिला तरी ओल नाही. इतकं पाणी स्लॅबमध्ये उतरलं असतं तर एव्हाना थेंब पडले असते. कंत्राटदाराचा संशय कोटिंगवर गेला आणि तो तिसरा हात मारायच्या तयारीत. त्याला थांबवलं. न कळता अजून एक थर चढवला तर खरं कारण त्याखाली गाडलं जाईल.

२९ जानेवारी

धुण्याची नीळ. जांभळी नाका बाजारातून बाटली आणली आणि साचलेल्या पाण्यात ढवळली. मग डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, उतरून आमच्या शाखेच्या पाइपचं सफाईचं झाकण उघडलं, आत पांढरा टिशू पेपर ठेवला. आमच्या घरात त्या दिवशी दुसरा नळ सोडायचा नाही, असं बजावलं होतं. तासाभराने पेपरवर निळी कड. पाणी चिंध्यांतून ट्रॅपमध्ये आणि तिथून सरळ गटारात जात होतं. कोटिंग बिचारं निर्दोष.

प्लंबर हसला. रबरी फुगणारा प्लग भाड्याने मिळतो, तो आणायला पाठवला.

३१ जानेवारी

प्लग लावून पुन्हा चार इंच. दोन दिवसांत बादली ४, जमीन ४. काकूंना वर बोलावून दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या, काही बोलल्या नाहीत. गेज ६.९.

६ फेब्रुवारी

कोबा. विटांचे तुकडे आधी भिजवून, नाहीतर ते मालातलं पाणी पितात. मिस्त्री कोबा घालताना खिळ्याच्या टोकाने रेघा ओढत होता, मी दर वेळी गेजकडे बघत होते. काटा हलला नाही.

१५ फेब्रुवारी

कोब्यावरची पाण्याची टेस्ट. पहिल्या दिवशी जमीन बादलीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त उतरली. कोबा नवा असतो, पाणी पितो. खरा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा. आज दोन्ही बरोबर. टाइल्सना हिरवा कंदील.

२४ फेब्रुवारी

टाइल्स झाल्या. नाण्याने टकटक केली. दाराजवळच्या दोन ठिकाणी आवाज पोकळ. उखडल्यावर खाली अॅडहेसिव्हचे गोळे, मध्ये रिकामं. दातेरी थापीने सगळीकडे पसरवायचं ठरलं होतं. परत लावल्या.

उताराचा हिशेब १ ला ८०. दारापासून ट्रॅपपर्यंत जवळपास २६ मिलिमीटर. पाणसळीने जुळला. तरी बादलीभर पाणी ओतून पाहिलं तर कमोडमागच्या कोपऱ्यात एक डबकं राहतंय, पाच रुपयांचं नाणं जवळपास बुडतं. कंत्राटदार म्हणाला, “पुसून घ्यायचं.” आई सत्तरीची आहे, कमोडमागे वाकून ती पुसणार का? तो कोपरा पुन्हा केला.

लाइनीचं प्रेशर आज सोडलं. गेज काढताना सुई शून्यावर आली, प्लंबरने तो पुसून डब्यात ठेवला आणि “अच्छा गेज है” म्हणाला.

१ मार्च

गीझर लागला. दोन किलोवॉट, म्हणजे नऊएक अँपिअर. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (वीज झिरपली तर पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबलं, वीज गेली. अर्थिंग मोजून घेतलं.

ऑफिसातून थर्मल कॅमेरा एका संध्याकाळपुरता मागून आणला. गरम पाणी दहा मिनिटं सोडलं तर टाइलवर लाइन पिवळ्या पट्ट्यासारखी उमटली, आपल्या टेपच्या फोटोंशी जुळणारी. पुढे आरसा लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळलं. गळती मात्र यातून कळत नाही. चित्र पाहून भारावून जाणाऱ्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. ते काम गेजचं होतं आणि ते आधी झालं.

आईची तक्रार: स्वयंपाकघराच्या सिंकला गरम पाणी उशिरा येतं. लाइन नऊ मीटरची, पाऊण इंची, त्यात सव्वादोन लिटर गार पाणी आधीच उभं असतं. ते जाईपर्यंत थांबणं आलंच. तिने भांडं लावून ते पाणी झाडांना घालायला सुरुवात केलीये.

२२ मार्च

काकूंकडे जाऊन छत पाहिलं. ट्रॅपखालचा मोठा डाग पेन्सिलच्या रेघेच्या आत सगळीकडून आक्रसलाय, कडेला पांढरा क्षार. स्लॅबमधलं जुनं पाणी बाहेर पडायला अजून काही महिने लागतील. रंग पावसाळा संपल्यावर, खर्च आमचा, असं ठरलं. संडास-मोरीची आतली गळती ज्याच्या सदनिकेतली त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, हे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही आहेच.

लहान डाग मात्र रेघ ओलांडून बोटभर पुढे गेलाय. आमचं बाथरूम कामासाठी बंद होतं तेव्हाही तो वाढत होता, बाबांच्या वहीत तारखांसकट आहे. तो आमच्या ट्रॅपपासून लांब आणि डक्टमधल्या बिडाच्या सामायिक पाइपला लागून. नीळ शोधायला डक्टमध्ये उतरले तेव्हा त्या पाइपच्या जोडावर गंजाचे ओघळ पाहिले होते. सामायिक सांडपाण्याची लाइन म्हणजे सोसायटीचं काम. फोटो आणि बाबांच्या वहीची झेरॉक्स जोडून सेक्रेटरींना पत्र दिलं, काकूंची सही माझ्या सहीच्या वर. कंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम आज चुकती केली.